मला आवडलेला थोर पुरुष : डॉ. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर



या वेळच्या भित्तिपत्रकाला गुरुजींनी थोरांची चरित्रं हा विषय दिला. ज्याला जो आवडतो तो त्यानं घ्यावा असं ठरलं. शिवाजी महाराज तिघांनी घेतले, सावित्रीबाई दोघींनी घेतल्या. मी कार्व्हर घेतले. गुरुजींनी प्रत्येकाला दोन कागद दिले होते, मी सहा भरवले. त्यामुळे माझा लेख फळ्याच्या वरच्या कडेपासून पार खालपर्यंत लोंबतोय. शेवटचा कागद वाचायला उकिडवं बसावं लागेल, त्याबद्दल माफी असावी.

शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला गुरुजी आम्हांला पुस्तक वाचून दाखवतात. असंच त्यांनी वीणा गवाणकर यांचं ‘एक होता कार्व्हर’ वाचलं. हे पुस्तक १९८१ साली निघालं. गुरुजींच्या प्रतीची पानं सुटलीत, ती सुतळीनं बांधलेली असतात. पण मी त्यातलं काही उतरवून काढलेलं नाही. जे ऐकलं, गुरुजींना विचारून घेतलं आणि डोक्यात राहिलं ते माझ्या भाषेत लिहितोय. हाच माणूस का घेतला, त्याला एक कारण आहे. ते मध्ये सांगेन.

अमेरिकेत मिसूरी नावाचं राज्य आहे. तिथं डायमंड ग्रोव्ह या खेड्याजवळ मोझेस कार्व्हर आणि सुझन कार्व्हर हे गोरे नवराबायको शेती करून राहत. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्या काळी तिकडे काळ्या माणसांना गुलाम म्हणून विकत घेत. आपण बैलबाजारात बैल घेतो तसं. मोझेसनं १८५५ साली मेरी नावाची मुलगी ७०० डॉलरला घेतली होती. ती तेव्हा अवघी तेरा वर्षांची होती, म्हणजे आमच्या वर्गातल्या मुलींएवढीच. हे ऐकलं तेव्हा वर्गात कुणी चुळबूळसुद्धा केली नाही.

या मेरीचा धाकटा मुलगा म्हणजे आपला जॉर्ज. तो साधारण १८६४ साली जन्मला. गुलामाच्या पोराची जन्मतारीख कोण लिहून ठेवणार? त्यालासुद्धा शेवटपर्यंत आपली तारीख माहीत नव्हती. बाप आधीच अपघातात गेला होता. तिकडे तेव्हा उत्तर आणि दक्षिण भागांत मोठी लढाई चालू होती आणि रात्रीबेरात्री टोळ्या येऊन गुलाम पळवून नेत. अशाच एका रात्री मेरीला आणि तान्ह्या जॉर्जला पळवलं. मोझेसनं माणूस पाठवून शोध केला. मेरी काही सापडली नाही, ती कायमचीच गेली. पोर तेवढं सापडलं, तेही डांग्या खोकल्यानं अर्धमेलं. शोधून आणणाऱ्याला मोझेसनं एक घोडा दिला. म्हणजे जॉर्ज दोन वेळा हातोहात गेला असं धरा, एकदा चोरीत आणि एकदा घोड्याच्या बदल्यात.

१८६५ साली गुलामी संपली. जॉर्ज आणि त्याचा थोरला भाऊ जिम मात्र कार्व्हर नवराबायकोकडेच राहिले. सुझननं त्यांना पोटच्या पोरासारखं वाढवलं. जिम अंगानं धट्टाकट्टा होता, तो मोझेसबरोबर शेतात जायचा. जॉर्जची छाती त्या खोकल्यानं कायमची अधू झाली होती. आवाजही बारीक, किनरा राहिला होता. शेतातली जड कामं त्याला झेपत नसत. मग तो राहिला घरात, सुझनच्या मागं मागं.

आणि इथूनच मला तो आवडायला लागला.

सुझन त्याला सगळं शिकवी. चूल पेटवणं, मक्याची भाकर भाजणं, धुणं, इस्त्री, फाटकं शिवणं, लोकरीचं विणणं, क्रोशानं झालर काढणं. एकदा बघितलं की जॉर्जला ते यायचं. घराभोवती भाजीचे वाफे होते, ते त्याच्याकडे असत. शिवाय जवळच्या झाडीत त्यानं स्वतःची एक चोरबाग केली होती. रानातून रोपं मुळासकट उपटून आणायची आणि तिथं लावायची. बाग लपवायची कशाला, असं आमच्यातल्या एकानं विचारलं. गुरुजी म्हणाले, फुलांच्या मागं लागणं म्हणजे वेळ फुकट घालवणं, असं तिथल्या कष्टकरी माणसांना वाटत असे. आपल्या गावातही ज्वारीत कुणी गुलाब लावला तर लोक काय म्हणतील ते बघा. पण जॉर्जच्या हातानं रोपं जगत. कुणाचं झाड पिवळं पडलं की शेजारीपाजारी ते जॉर्जकडे आणत. मग पोरगं त्याची माती बदलायचं, जास्त ऊन असलं तर सावलीला ठेवायचं, पानामागचे किडे वेचायचं. लोक त्याला झाडांचा डॉक्टर म्हणायला लागले. तेव्हा तो आमच्यापेक्षाही लहान असेल.

एका शेजाऱ्याच्या घरात त्यानं भिंतीवर चित्रं लावलेली पाहिली. झालं, त्यालाही चित्र काढायचं वेड लागलं. रंग कुठले? रानातली फळं, मुळं, साली कुटून रस काढायचा. कागद कुठला? सपाट दगड, पत्र्याचा तुकडा, काहीही चालायचं.

चाकूची गोष्ट तर मी घरी चार वेळा सांगितलीय. जॉर्जला आपला स्वतःचा खिशातला चाकू पाहिजे होता. एका रात्री त्याला स्वप्न पडलं. मक्याच्या शेतात अर्धं खाल्लेलं कलिंगड पडलंय आणि त्याला चाकू टेकलाय. सकाळी उठून पळत शेतात गेला तर खरंच कलिंगड आणि खरंच चाकू! ही गोष्ट मोठेपणी त्यांनी स्वतःच सांगितलेली आहे. खरी का खोटी, ज्यानं त्यानं ठरवावं. मला खरी वाटते. माझी ताई म्हणते, आदल्या दिवशी त्यानं तो चाकू बघितला असेल आणि विसरला असेल.

आता माझं सांगतो. मला दमा आहे, हे वर्गात सगळ्यांना माहीत आहे. मळणीच्या दिवसांत धूळ उडाली की माझी छाती वाजायला लागते. आप्पा, ताई, आई शेतात जातात आणि मी आजीपाशी राहतो. त्यामुळे मला भाकरी थापता येते, चांगली टम्म फुगते. शेंगदाण्याची चटणी तर मीच करतो. दाणे मंद जाळावर भाजायचे, साल पाखडून टाकायची, लसूण, जिरं, मीठ, तिखट घालून उखळात कुटायचं. दाण्याला तेल सुटेपर्यंत हात थांबवायचा नाही. मिक्सरमध्ये ती चव येत नाही, त्यात पीठ होतं. आमच्या परसात मिरची, वांगी, दोडका, शेवगा आहे. ते पाणी मी घालतो. आजीनं मला वाकळेचे टाके शिकवले आणि गेल्या पावसाळ्यात क्रोशाची सुईही हातात दिली. साखळी, खांब, झालर, सगळं येतं.

हे सगळं आनंदाचं आहे, पण बाहेर सांगायचं नसतं. एकदा दारात बसून विणताना पोरांनी बघितलं आणि मला एक नाव पडलं. ते नाव इथं लिहीत नाही, ज्यांनी ठेवलंय त्यांना माहीत आहे. आप्पांनाही मी सुई घेतलेली आवडत नाही. ते रागावत नाहीत, गुमान उठून बाहेर जातात. मग मी सुई उशीखाली ठेवायला लागलो. म्हणजे माझीही चोरबागच झाली की!

तर जॉर्जकडे परत येऊ.

सुझनकडे एक जुनं अक्षरओळखीचं पुस्तक होतं. ते जॉर्जनं पाठ केलं. पण गावातल्या शाळेत काळ्या मुलांना घेत नसत. काळ्या मुलांची शाळा निओशो गावात होती, १३ किलोमीटरवर. जॉर्ज दहाबारा वर्षांचा असताना चालत निघाला. एकटाच. पहिली रात्र कुणाच्या तरी गोठ्यात काढली. सकाळी जवळच्या घरातल्या बाईनं त्याला पाहिलं. त्या मराया वॉटकिन्स. सुईण होत्या आणि लोकांचे कपडे धुऊन देत. त्या आणि त्यांचे यजमान अँड्र्यू यांनी जॉर्जला ठेवून घेतलं. घर शाळेला लागूनच होतं. मधली सुट्टी झाली की जॉर्ज कुंपणावरून उडी मारून घरी यायचा, पुस्तक समोर उघडं ठेवून कपडे घासायचा आणि घंटा झाली की परत उडी मारून वर्गात. आम्ही मधल्या सुट्टीत काय करतो ते लिहीत नाही, पालक वाचणार आहेत.

मरायाबाईंनी त्याला झाडपाल्याची औषधं शिकवली. आणखी एक गोष्ट केली. जॉर्ज आपलं नाव कार्व्हरचा जॉर्ज असं सांगायचा. गुलामांची तशीच रीत होती, मालकाचं नाव आधी. बाईंनी त्याला बजावलं की आजपासून तू जॉर्ज कार्व्हर. नुसता शब्द इकडचा तिकडे झाला, पण आता तो कुणाचा राहिला नाही, स्वतःचा झाला.

हा भाग गुरुजींनी वाचला त्या शनिवारी मी घरी जाऊन जेवलो नाही. का ते पुढच्या कागदावर.

निओशोच्या शाळेतलं शिकून संपल्यावर जॉर्ज कॅन्सस राज्यात फोर्ट स्कॉट गावी गेला. पोटासाठी काम पाहिजे होतं. एका घरी स्वयंपाकी पाहिजे होता. जॉर्जला साधं रांधता यायचं, पण त्या घरातले पदार्थ काही येत नव्हते. त्यानं युक्ती केली. मालकीणबाईंना म्हणाला, साहेबांना अगदी तुमच्या हातासारखं लागतं ना, मग एकदा करून दाखवा, मी तसंच करीन. बाईंनी सगळं करून दाखवलं आणि हा बघून बघून शिकला! ही युक्ती आमच्या आजीला सांगितली तेव्हा ती पदराआड तोंड करून हसली.

पण फोर्ट स्कॉटमध्ये तो टिकला नाही. १८७९ च्या मार्च महिन्यात तिथं गोऱ्या लोकांच्या जमावानं एका काळ्या माणसाला ठार मारलं. जॉर्जनं ते डोळ्यांनी पाहिलं आणि तो गाव सोडून गेला. म्हातारपणीही ते त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. मी यावर जास्त लिहीत नाही. खालच्या वर्गातली मुलंही भित्तिपत्रक वाचतात.

पुढची पाचसहा वर्षं गावोगाव. जिथं जाईल तिथं धुणं आणि इस्त्री. एका बाईंनी त्याला झालरीच्या कपड्यांना खळ देऊन चुण्या न मोडता इस्त्री कशी फिरवायची ते शिकवलं. मिनिआपोलिस नावाच्या गावी त्यानं छोटं धोबीदुकानच काढलं आणि शिकत राहिला. तिथं दुसरा एक जॉर्ज कार्व्हर राहायचा. याची पत्रं त्याला आणि त्याची याला जात. म्हणून यानं आपल्या नावात मध्ये एक डब्ल्यू घातला. पुढे लोकांनी तो वॉशिंग्टन केला. बघा, नुसत्या पोस्टाच्या घोळातून नाव तयार झालं! याच काळात, १८८३ साली, भाऊ जिम देवीच्या रोगानं गेला. आता जगात रक्ताचं कुणीच उरलं नाही.

एका कॉलेजानं पत्रानं अर्ज मंजूर केला. जॉर्ज दुकान विकून तिथं पोचला. कातडी काळी दिसल्याबरोबर त्याला दारातून परत पाठवलं. हे १८८५ साल. मग वर्षभरानं तो कॅन्ससच्या माळावर गेला आणि सरकारी जमीन घेऊन शेती करायला लागला. तिथं झाड नाही, लाकूड नाही, दगड नाही. गवताच्या मुळांसकट मातीच्या विटा कापून त्यानं आपल्या हातानं घर बांधलं. बैल नव्हते, म्हणून १७ एकर रान फावड्याकुदळीनं खणलं. १७ एकर! आप्पांना आकडा सांगितला तर त्यांनी दोनदा विचारलं. आणि त्या मातीच्या घरात, बाहेर बर्फ पडत असताना, खिडकीत याची रोपं हिरवीगार होती.

१८९० साली शेवटी त्याला आयोवा राज्यातल्या सिम्प्सन कॉलेजात प्रवेश मिळाला. फी भरल्यावर खिशात १० सेंट उरले. पाच सेंटचं मक्याचं पीठ आणि पाच सेंटची चरबी घेतली आणि त्यावर एक आठवडा काढला. धुण्याची टब आणि पाटी उधारीवर आणली. धुवायला आलेल्या मुलांशी बोलता बोलता मैत्री झाली. त्याच्या खोलीत बसायला खोकीच होती. एक दिवस तो वर्गातून आला तर खोलीत टेबल, खुर्ची, खाट. कुणी आणलं ते कुणीच सांगेना. मला हा भाग चाकूच्या गोष्टीहूनही आवडतो.

तिथं तो चित्रकला शिकत होता. बहुतेक चित्रं झाडाफुलांची. त्याच्या चित्रकलेच्या बाईंचे वडील एम्स गावच्या शेती कॉलेजात प्राध्यापक होते. बाईंनी ओळखलं की या मुलाला चित्रातल्या झाडापेक्षा कुंडीतलं झाड जास्त कळतं. त्यांनी त्याला १८९१ साली तिकडे पाठवलं. तिथला तो पहिला काळा विद्यार्थी. सुरुवातीला त्याला इतर मुलांबरोबर जेवू देत नसत, तळघरात मजुरांबरोबर ताट. हे कळल्यावर त्याच्या ओळखीच्या एक गोऱ्या बाई, श्रीमती लिस्टन, आपलं चांगलं लुगडं, म्हणजे त्यांच्याकडचा झगा, घालून आगगाडीनं आल्या आणि दिवसभर त्याच्याबरोबर फिरल्या, त्याच्याबरोबर तळघरात जेवल्या. त्यानंतर लोकांची वागणूक बरीच बदलली. १८९३ साली शिकागोच्या मोठ्या जागतिक प्रदर्शनात त्याचं निवडुंगाचं चित्र लागलं आणि त्याला मान मिळाला. १८९४ साली पदवी, १८९६ साली त्यावरची पदवी. त्याच कॉलेजातल्या एका प्राध्यापकांचा छोटा मुलगा त्याच्याबरोबर रानात फिरायचा आणि त्याच्याकडून गवताची नावं शिकायचा. तो हेन्री वॉलेस. मोठा होऊन तो अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष झाला.

आता जॉर्जला अरे-तुरे बस्स. इथून पुढे मी अहो-जाहो लिहिणार, कारण ते मास्तर झाले.

दक्षिणेत अलाबामा राज्यात टस्कीगी गावी बुकर टी. वॉशिंग्टन यांनी काळ्या मुलांसाठी शाळा काढली होती. त्यांनी १८९६ साली कार्व्हरना बोलावलं. कार्व्हर गेले आणि पुढची ४६ वर्षं तिथंच राहिले. गेल्यावर काय होतं? प्रयोगशाळा नाही, बाटली नाही, चंची नाही. मग कार्व्हर मुलांना घेऊन गावच्या उकिरड्यावर गेले. फुटक्या बाटल्या, डबे, तारा, झाकणं गोळा केली. बाटलीचा गळा कापून पेला केला, शाईच्या दौतीत वात घालून दिवा केला, जाड कपात औषधं कुटली. आमच्या शाळेत विज्ञानपेटी आहे, ती कुलपात असते. (हे वाक्य गुरुजींनी वाचलं आणि खोडलं नाही. उलट किल्ली आता टेबलावर असते.)

तिथली जमीन मेलेली होती. पिढ्यान्‌पिढ्या कापूस, कापूस आणि कापूस. कापूस जमिनीतलं सगळं ओढून घेतो. माणसं दाराच्या उंबऱ्यापर्यंत कापूस लावत आणि भाजीला महाग असत. कार्व्हरनी सांगितलं, एक वर्ष चवळी लावा, भुईमूग लावा, रताळी लावा, मग कापूस घ्या. कारण असं की चवळी-भुईमुगाच्या मुळांवर छोट्या गाठी असतात. त्यांत डोळ्याला न दिसणारे जिवाणू राहतात. ते हवेतला नत्र घेऊन झाडाला देतात आणि पिकामागं जमीनही सुधारते. गुरुजींनी आम्हांला परसबागेत एक भुईमूग उपटायला लावला. मुळावर मोहरीएवढ्या गाठी होत्या. ब्लेडनं एक कापली तर आत गुलाबी लाल. तसा रंग असला की गाठ कामावर आहे असं समजायचं. घरी सांगितलं तर आप्पा म्हणाले, हे आम्हांला ठाऊक आहे, भुईमुगाचा बेवड चांगला असतो, त्यावर ज्वारी जोरात येते. मग मी त्यांना गाठी दाखवल्या. त्या मात्र त्यांनी कधी फोडून बघितल्या नव्हत्या. त्या दिवशी आम्ही बांधावर बसून बऱ्याच गाठी फोडल्या.

शेतकरी शाळेत येत नाहीत, तर शाळा शेतकऱ्याकडे न्यावी म्हणून १९०६ साली एक गाडी तयार केली. जेसप नावाच्या गृहस्थांनी पैसे दिले, म्हणून जेसप गाडी. तिच्यात नांगर, बियाणं, लोणी काढायचं यंत्र घालून ती गावोगाव फिरायची. कार्व्हर बायकांना भाज्या वाळवून ठेवायला शिकवत, मुरांबे शिकवत, अलाबामातल्या रंगीत मातीपासून घर रंगवायचा रंग करायला शिकवत. पोत्याच्या कापडावर भरतकाम, मक्याच्या सालींच्या चटया, हेही. म्हणजे सुझनच्या स्वयंपाकघरात जे शिकले तेच सगळीकडे वाटत फिरले.

१९१० च्या सुमारास कापसाचं बोंड पोखरणारा सोंड्या किडा अलाबामात शिरला आणि कापसाचा सत्यानाश झाला. लोक भुईमुगाकडे वळले. पण शेंगा झाल्या बक्कळ आणि घेणार कोण? मग कार्व्हर प्रयोगशाळेचं दार लावून बसले. दाण्याचं दूध, पीठ, तेल, रंग, साबण, शाई, किती काय काय. १९१६ साली त्यांनी भुईमूग कसा लावायचा आणि त्याचे १०५ पदार्थ कसे करायचे याचं पत्रक काढलं. त्यात सूप आहे, पाव आहे, बिस्किटं आहेत. शेंगदाण्याची लसूण चटणी नाही. मी गुरुजींना तीनदा विचारलं, नाही म्हणजे नाहीच. माझ्या मते १०६ वा पदार्थ आपला. एकदा त्यांनी स्वयंपाकाच्या वर्गातल्या मुलींकडून बुकर वॉशिंग्टन आणि पाहुण्यांना जेवण दिलं. सूपापासून आइस्क्रीम आणि कॉफीपर्यंत सगळं शेंगदाण्याचं!

इथं एक खुलासा. पीनट बटर कार्व्हरनी शोधलं असं पुष्कळ ठिकाणी लिहितात, ते चूक आहे. ते आधीपासून होतं. भुईमुगापासून तीनशे वस्तू केल्या असंही म्हणतात, पण त्यांतल्या बऱ्याच कधी बाजारात गेल्या नाहीत. खरं तेवढंच लिहावं, असं गुरुजींचं म्हणणं आहे आणि मलाही ते पटतं. १०५ काय कमी आहेत?

१९२१ साली अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढे शेंगांवरच्या जकातीसाठी त्यांना बोलवलं. दहा मिनिटं दिली होती. सुरुवातीला काही सभासदांनी टिंगल केली. कार्व्हरनी पिशवीतून एकेक बाटली, एकेक वडी काढून दाखवायला सुरुवात केली, तसे सगळे गप्प झाले आणि त्यांना वाटेल तेवढा वेळ बोलू दिलं.

इतकं नाव झालं तरी कोट जुनाच. त्यावर रोज एक ताजं फूल किंवा पान. पगाराचे चेक वटवायचे विसरून जात. आणि आता माझं कारण येतंय. एवढे मोठे शास्त्रज्ञ झाल्यावरही त्यांनी विणणं सोडलं नाही. क्रोशाचं, लोकरीचं, भरतकाम, सगळं आयुष्यभर चालू होतं. त्यांच्या खोलीत त्यांच्या आईचा, मेरीचा, चरखा होता. आईची आठवण तेवढीच. त्यांनी विणलेल्या झालरी, चटया, काढलेली चित्रं टस्कीगीच्या संग्रहालयात ठेवली. १९४७ साली तिथं आग लागून पुष्कळ चित्रं खराब झाली. ते बघायला कार्व्हर नव्हते. ते ५ जानेवारी १९४३ ला गेले होते. जन्मभर साठलेले सुमारे ६० हजार डॉलर त्यांनी संशोधनासाठी देऊन टाकले. त्याच साली त्यांच्या जन्मगावी सरकारनं राष्ट्रीय स्मारक केलं. जिथं ते विकत घेतलेल्या बाईचं पोर म्हणून जन्मले, तीच जागा.

आता राहिलेलं. गेल्या २६ जानेवारीच्या हस्तकला प्रदर्शनात क्रोशाचं पोपटाचं तोरण पहिलं आलं, आठवतंय? खाली ताईचं नाव होतं. ते तोरण ताईनं केलेलं नाही, मी केलंय. सहा आठवडे लागले, रात्री आजीजवळ बसून. प्रदर्शनात द्यायची हिंमत झाली नाही म्हणून ताईचं नाव घातलं. ताईला कंपासपेटी मिळाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतो. म्हणून त्या शनिवारी मला जेवण गेलं नाही. त्यांनी कार्व्हरचा जॉर्ज बदलून जॉर्ज कार्व्हर केलं, आणि मी माझ्या हातानं माझं नाव काढून टाकलं होतं.

हे मी आधी आजीला सांगितलं, मग ताईला विचारलं, मग गुरुजींना. ताई म्हणाली, खुशाल लिही, पण कंपासपेटी परत देणार नाही. गुरुजी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तोरणाखालची चिठ्ठी त्यांनी माझ्याकडून नवी लिहून घेतली. आप्पांना अजून सांगितलेलं नाही. ते आज शाळेत येणार आहेत. त्यांना वाचायला वेळ लागतो आणि हा कागद सगळ्यांत खाली आहे, तेव्हा त्यांना बसावं लागेल. आप्पा, इथपर्यंत आला असाल तर तोरण ऑफिसच्या दारावर आहे. डावीकडून तिसऱ्या पोपटाची चोच उसवलीय. हिरवा दोरा आणि सुई माझ्या दप्तरात आहे, पाहुणे गेले की काढून नीट करणार आहे.

इयत्ता सातवी